ज्याला होऊन गेलं त्यानं बसावं

शेवंताबाईच्या चेहऱ्यावर देवीचे वण इतके दाट होते, की तिला पाहायला आलेली पहिली दोन घरं चहा अर्धा टाकून उठली. तिसरं घर बालाघाटजवळच्या भरवेलीचं होतं. मुलगा शालिकराम, मँगनीजच्या खाणीत कामाला. त्याच्या आईनं पोरीची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि बाजारात भांडं पारखावं तसं पारखून पाहिलं.

"मले हेच पोरगी पाह्यजे," ती म्हणाली. "माह्या दोन सुना मातेत गेल्या. इले होऊन गेलं हाय. हे नाई जात."

कटंगीकडच्या ज्या गावात शेवंताबाई वाढली, तिथं ती नऊ वर्षांची असताना माता, म्हणजे देवीची साथ, आली होती. त्याच आठवड्यात तिचा भाऊ गेला, ती उठली. तोवर तिचा चेहरा हे घरादाराचं दुःख होतं. सासूनं हनुवटी सोडली त्या दिवसापासून तो तिचा दाखला झाला.

भरवेलीत खाणीच्या कामगारांच्या खोल्या एका रांगेत होत्या. बावीस खोल्या, दोन घरांत एकच भिंत. लोक त्या रांगेला लाइन म्हणत. लाइनीत कोणाकडे माता आली की निरोप यायचा: "शेवंताबाईले बलावा." मग ती जायची. त्या घरी फोडणी बंद, चप्पल बाहेर, दारावर कडुलिंबाचा डहाळा. उंबऱ्यावर उभं राहून ती आधी घरातल्या प्रत्येकाची तोंडं आणि दंड पाहून घ्यायची. ज्याच्या अंगावर वण नाही, टोचल्याची खूणही नाही, त्याला शेजारी पाठवायची. उरलेल्यांत जो धडधाकट असेल त्याला आजाऱ्याजवळ बसवायची. तसा कोणीच नसला तर स्वतः बसायची. आजारी माणसाच्या अंगावरून लिंबाचा पाला फिरवत ती दिवसच्या दिवस बसलेली असे, आणि पुरुष शालिकरामला म्हणत, "तुह्या घरची तं यमाले बी पाय धुवून ये म्हणन." शालिकराम हसायचा. त्यालाही ते खरंच वाटत होतं.

सत्तावनच्या जूनमध्ये फ्लू आला. लाइनीत कोणी त्याला फ्लू म्हणालं नाही. बुखार म्हणाले. दुसऱ्याच दिवशी शेवंताबाई पडली. हाडं कुटल्यासारखी दुखत होती, डोळे उघडवत नव्हते. पाच दिवस ती खाटेवर होती. सहाव्या दिवशी उठली, भाताची पेज प्याली आणि शेजारच्या घरात शिरली, कारण तिथं चौघंही आडवे होते आणि पाणी द्यायला कोणी नव्हतं.

त्या महिन्यात ती चौदा घरांत बसली. परत पडली नाही. तिनं आणखीही एक गोष्ट पाहिली: प्रत्येक घरात जो पहिल्यांदा उठला तो बाकीच्यांचं करताना पुन्हा आजारी झाला नाही. ती शिकलेली नव्हती, पण नजरेतून काही सुटत नसे. तेव्हा मातेचा जो नियम तोच बुखाराचा, असं तिनं ठरवलं. ज्याला होऊन गेलं त्यानं बसावं. बाकीच्यांनी लांब राहावं. ती घरोघर जाऊन उठलेल्या माणसाला बसवत गेली, न पडलेल्याला बाहेर काढत गेली. लाइनीतली तीन माणसं त्या महिन्यात दगावली. पलीकडच्या लाइनीत त्याहून जास्त.

बालाघाटहून चिंतामणराव कंपाउंडर सायकलवर औषधाच्या बाटल्या घेऊन यायचे. ते एका खासगी डॉक्टरकडे काम करत. शहरातल्या जुन्या मराठी घरातले, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी शेवंताबाईची व्यवस्था पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. असंच चालू द्या."

त्या वाक्यानं नियमावर शिक्का बसला. पुढची अकरा वर्षं लाइनीतल्या बायका तो नियम स्वतःच्या अकलेनं सुचल्यासारखा सांगत राहिल्या.

अडुसष्टच्या दिवाळीनंतर धान कापणी सुरू झाली. शालिकराम आता खाणीतून मोकळा झाला होता. तो कापणीसाठी कटंगीकडे मेहुण्याच्या शेतावर गेला. घरी शेवंताबाई, मुलगा भोजराज, सून पुष्पलता आणि तीन महिन्यांचा मोतीलाल.

पुष्पलता किरनापूरची. लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं मेलेलं जन्मलं. मोतीलाल तिसरा. त्याला दृष्ट लागू नये म्हणून शेवंताबाई त्याला मोठ्यानं "काळं माकड" म्हणायची आणि सुनेला बजावायची, "कोणी इचारलं तं म्हणायचं, हाय आपलं कायतरी." पोर गोरं होतं, अंगानं भरलेलं होतं, आणि सगळी लाइन ते पाहत होती. पुष्पलताची आई तिला म्हणाली होती, हे नाही टिकलं तर तुझं शरीर आणखी एक सोसणार नाही. ते शेवंताबाईनंही ऐकलं होतं.

बुखार पहिल्यांदा टिकारामच्या घरी दिसला. तो तीन खोल्या पलीकडे राहायचा. टिकाराम पडला, मग त्याची आई रुख्माबाई सोडून सगळेच शिंकू लागले. निरोप आला तशी शेवंताबाई गेली. टिकारामची बायको सत्यभामा, तिची दोन महिन्यांची पोरगी पाळण्यात.

"सत्तावनले कोणाकोणाले झालं व्हतं?" शेवंताबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"मले," रुख्माबाई म्हणाली. "तूच तं मले बसवलं व्हतं दोन पोरांपाशी. तवापासून माही कंबर बसली ते उठलीच नाई."

"मंग पाळण्यापाशी तू. सत्यभामा, तू शेजारी सुखरामच्या खोलीत जा. दूध पाजाले तेवढं ये."

सत्यभामाला नुसती सर्दी होती. तिला पोरीपासून दूर व्हायचं नव्हतं, पण शेवंताबाईपुढे बोलायची लाइनीत कोणाची टाप नव्हती. शेवंताबाई दोन दिवस टिकारामच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या घरी भोजराज तापानं फणफणला, म्हणून ती परतली.

घरात शिरताच तिनं सुनेला विचारलं, "सत्तावनले तुले बुखार आला व्हता का?"

"मी तवा नऊ वर्साची व्हती, मामी. आठवत नाई."

"आठवत नाई म्हणजे झालं नाई. दे इकडं."

तिनं मोतीलालला घेतलं. भोजराज आतल्या खाटेवर, पुष्पलता मागच्या पडवीत चुलीपाशी. शेवंताबाई मध्ये, पोर मांडीवर, एका हातानं मुलाच्या कपाळावर ओली पट्टी. दर दोन-अडीच तासांनी ती पोर पडवीत नेऊन सुनेकडे द्यायची, पाजून झालं की परत घ्यायची. पुष्पलता पोराला घट्ट धरून ठेवायची, तेव्हा ती दटावायची.

"अवं, चिकटून काय बसली? दूध झालं ना?"

"मामी, थोडा खेळू द्या."

"खेळन तो. आयुष्य पडलं हाय त्याचं खेळाले. तू पडली तं त्याले दूध कोण पाजन, मी?"

यावर पुष्पलताला हसू आलं. त्या घरात त्या आठवड्यात ते शेवटचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईचा घसा खवखवू लागला. तिनं धान झोडपण्याच्या धुळीला दोष दिला. शेजारच्या अंगणात दोन दिवस कोंडा उडत होता. पाठ दुखत होती, ती वयाची. दुपारी अंगावर काटा आला तो नोव्हेंबरातल्या वाऱ्याचा. या सगळ्याला एकच नाव असू शकतं हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते बाजूला सारलं, कारण तिला होऊन गेलं होतं. आयुष्यातला प्रत्येक निर्णय ज्यावर उभा होता ती गोष्ट अशी खोकल्याच्या एका उबळीनं पडत नाही.

संध्याकाळी पोर परत घेताना तिचा हात सुनेच्या मनगटाला लागला. पुष्पलतानं हात मागे घेतला नाही. तिनं उलट सासूचं बोट धरून ठेवलं.

"मामी, तुमचं आंग तापलं हाय."

"चुलीपाशी तू बसली हाय का मी?"

"तुमी तं आतून आले. हात तव्यासारखा हाय. आज पोरगं माह्यापाशी राहू द्या."

"कोणी शिकवलं तुले हे? मले झालं हाय सत्तावनले. पाच दिवस पडली व्हती. चौदा घरी बसली, एकदा शिंकली बी नाई. तुले काई झालं नाई. तू कोरी हाय. कोऱ्या बाईपाशी पोरगं ठेवू?"

पुष्पलता काही क्षण पोर धरून राहिली. शाळेत ती पाचवीपर्यंत हिंदीतून शिकली होती, तिथं या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिच्यासमोर अशी बाई उभी होती जिच्या शब्दावर बावीस घरांतली माणसं उठली-बसली होती. तिनं पोर दिलं. पुढे अनेक वर्षं तिला त्या एका क्षणाबद्दल कोणी काही विचारलं नाही, आणि तिनंही कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मोतीलालचं नाक चोंदलं. तो स्तनाला तोंड लावायचा आणि श्वासासाठी सोडून द्यायचा. रडताना आवाज निघेना. सकाळी पुष्पलतानं त्याचं झबलं वर केलं तेव्हा प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत होता. भोजराजचा ताप आदल्या दिवशी उतरला होता. तो तसाच सायकल काढून बालाघाटला गेला आणि चिंतामणरावांना घेऊन आला.

चिंतामणरावांनी पोराच्या छातीवर डोळे लावून घड्याळात एक मिनिट मोजलं. मग ते म्हणाले, "याला इथं ठेवू नका. इस्पितळात न्या, आत्ता."

"आधी मामीचा बुखार पाहा," पुष्पलता म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. तिनं सासूकडे बोट केलं. सुनेनं सासूकडे बोट करणं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

शेवंताबाईनं हात पुढे केला. तिनं थर्मामीटर काखेत धरला. चिंतामणरावांनी तो काढून खिडकीशी नेला.

"एकशे दोन. केव्हापासून?"

"ते धुळीनं..."

"बाई, धुळीनं एकशे दोन होत नाही. फ्लू आहे तुम्हाला."

"मले सत्तावनले झाला व्हता."

"मलाही झाला होता. गेल्या महिन्यात परत झाला. माझ्या घरात तिघांना दुसऱ्यांदा झाला आहे. हा देवीसारखा नाही. हा त्याच माणसाला पुन्हा होतो."

शेवंताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीच तं म्हणलं व्हतं, असंच चालू द्या."

चिंतामणरावांनी थर्मामीटर झटकला, पुसला, डबीत ठेवला. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. त्या महिन्यापुरतं ते बरोबरही असेल. अकरा वर्षांनी नाही."

बालाघाटकडे जाणारा एक ट्रक रस्त्यावर थांबवून भोजराज आणि पुष्पलता पोराला घेऊन गेले. शेवंताबाई पदर सावरून मागे निघाली, तेव्हा चिंतामणरावांनी तिला अडवलं. "तुम्ही नाही," ते म्हणाले. आजारी माणसाच्या दारातून तिला परत फिरवलं गेलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

मोतीलाल दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गेला. इस्पितळात त्याला ऑक्सिजन लावला होता, सुई टोचली होती, जे करायचं ते केलं होतं. दुपारी, कटंगीकडे शालिकरामला निरोप पोचायच्या आधीच, त्याला गावाबाहेर पुरलं. तेवढ्या लहान मुलाचं फार काही करायचं नसतं. माणसं लवकर परतली.

लाइनीतल्या बायका दारात येऊन बसल्या. कोणी शेवंताबाईला दोष दिला नाही. "तुमी तं सगळं केलं बाई," असंच म्हणत राहिल्या, आणि उठताना, "याचं तेवढंच व्हतं." शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. ताप उतरला नव्हता. 

बायका गेल्यावर पुष्पलता तिच्यासमोर येऊन बसली, दोन हात अंतरावर. तिचं लुगडं छातीवर दुधानं भिजलं होतं. ते तिनं बदललं नव्हतं.

"मामी."

शेवंताबाईनं वर पाहिलं. जे येणार होतं ते ऐकायला ती तयार होती. तिला ते हवंही होतं.

"टिकारामच्या घरी पोरगी पाळण्यात हाय," पुष्पलता म्हणाली. "तिच्यापाशी रुख्माबाई बसली हाय. तुमीच बसवली. सत्यभामाले तुमी सुखरामच्या खोलीत पाठवलं. तिकडं महागूच्या घरी बी म्हातारीच बसली हाय लेकरापाशी. लाइनीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बसल्या असतीन. सत्तावनले झालं म्हणून."

ती तिथंच थांबली. रडली नाही. उठून पडवीत गेली आणि दार लावून घेतलं.

शेवंताबाई उठली. भिंत धरून उभी राहिली. पदर नाकातोंडावरून दोन वेढे घेऊन मानेशी खोचला आणि बाहेर पडली. लाइनीच्या टोकाच्या पहिल्या दारापाशी पोचून ती सवयीनं उंबरा ओलांडणार होती. पाय उचललेला तिनं खाली ठेवला. मागे सरून वाटेच्या मध्यावर उभी राहिली आणि तिथून बोलली.

"माहं चुकलं. बुखार परत होते. मले झाला हाय. ज्याले सत्तावनले झालं त्याले बी होते. खोकलते त्या माणसाले लेकरापाशी बसवू नका. मायपाशी द्या लेकरू."

त्या घरचा महागू दारात आला. "बाई, तुमचं आजच गेलं," तो म्हणाला. "घरी जा, पडा. डोकं ठिकाणावर नाई तुमचं."

"डोकं ठिकाणावर हाय. तुही माय खोकलते का?"

"थोडी."

"मंग काढ तिले तिथून."

महागूनं आत पाहिलं, परत बाहेर पाहिलं. तो हलला नाही. ती पुढच्या दाराकडे गेली. तिसऱ्या दारी तेच बोलली. चौथ्या घरातल्या बाईनं ऐकलं आणि लगेच आत जाऊन सासूच्या मांडीवरचं लेकरू उचललं. सातव्या दारी एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग अकरा वर्षं काय केलं?  ती पुढे गेली.

टिकारामचं दार उघडं होतं. पाळण्याची दोरी रुख्माबाईच्या हातात होती. दोरी ओढताना ती खोकली.

"रुख्मा, उठ तिथून."

"आता काहून?"

शेवंताबाईनं तेच सांगितलं. रुख्माबाईनं दोरी सोडली नाही.

"माहा खोकला बिडीचा हाय," ती म्हणाली. "आन् तू कोण मले उठवणारी? तूच बसवलं, तूच उठवते. उद्या तिसरं काई सांगशीन. तुहा नातू गेला म्हणून माह्या नातीचं बी वाईटच दिसते का तुले?"

दारात आलेल्या दोघी-तिघी बायकांनी माना खाली घातल्या. असं बोलणं त्या दिवशी कोणी बोलू नये, हे रुख्माबाईलाही कळत होतं. ती खवळली होती कारण ती घाबरली होती. आदल्या दिवसापासून तिचीही हाडं दुखत होती.

"मले बी असंच वाटलं व्हतं," शेवंताबाई म्हणाली. "सुनेनं हात धरून सांगितलं, मी आयकलं नाई. तू मले शिव्या दे. पण दोरी सोड."

"नाई सोडत."

शेवंताबाई वाटेवरच खाली बसली. उन्हात, मातीत, दारापासून चार पावलांवर. "मंग मी बी उठत नाई," ती म्हणाली आणि खोकल्यानं वाकली.

सुखरामच्या खोलीतून सत्यभामा बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शेवंताबाईला वळसा घालून गेली, घरात शिरली, सासूच्या हाताकडे न पाहता पाळण्यात वाकली आणि पोरीला उचलून घेतलं. रुख्माबाई काहीतरी ओरडली. सत्यभामा थांबली नाही. पोरीला पदराखाली घेऊन ती सुखरामच्या खोलीत परत गेली आणि आतून कडी लावली.

त्या पोरीला पुढे दोन दिवस ताप आला आणि उतरला. ती जगली. आईजवळ नेल्यामुळे जगली, की तशीही जगलीच असती, हे कोणी सांगू शकत नाही; चिंतामणरावांनाही विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. रुख्माबाई आठ दिवस अंथरुणाला खिळली. उठल्यावर तिनं शेवंताबाईशी बोलणं टाकलं, ते तीन वर्षं.

शेवंताबाई सुखरामच्या दाराची कडी लागल्याचा आवाज ऐकेपर्यंत बसून राहिली. मग हात टेकून उठली. लाइनीत अजून नऊ दारं बाकी होती, आणि पुढच्या दारात एक म्हातारी मांडीवर लेकरू घेऊन ऊन खात बसलेली तिला दिसत होती.